मामंजींचं पेन

पहूरच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. मामंजी शाळामास्तर होते. ते गेल्यापासून त्यांचं शाईचं पेन सासूबाईंनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवलं आहे. दसऱ्याला पाटीपूजनापुरतं तेवढं बाहेर निघतं. आता दहावीतला नातू म्हणतो, मला आजोबांच्या पेनानं लिहायचंय. सासूबाईंच्याही मनात आहे, पण पेनाच्या अंगावरची पितळी पट्टी हलतच नाही. "जोर लावला नि मोडलं, तर नाव माझंच निघेल," असं त्या लिहितात.

ताई, जोर लावला नाहीत हे फार बरं केलंत! ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनांतलं हे नव्हे. ती पट्टी म्हणजे खटका. पोटात एक रबरी पिशवी असते. खटका उचलला की आतली धातूची पट्टी पिशवीला दाबते, सोडला की पिशवी फुगते आणि निबेतून शाई वर ओढते. ही युक्ती अमेरिकेतल्या शेफर नावाच्या गृहस्थांची, 1908 सालच्या पेटंटची. आणि धंद्यानं ते कोण, तर सराफ! जळगावकरांना नवल वाटायला नको.

इतक्या वर्षांत ती पिशवी वाळून लाकडासारखी झाली असणार. म्हणून खटका अडतो. रेटलात तर खटका मोडेल, नाहीतर पेनाला तडा जाईल, आणि तो काही सांधत नाही.

पहिल्यांदा निबेची बाजू तेवढी साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सबंध पेन बुडवू नका आणि गरम पाणी तर नकोच. जुन्या काळ्या एबोनाइटचा रंग उडून ते मातकट दिसू लागतं. मग कोरडं पुसून, निबेकडचा भाग हलक्या हातानं पिळत पिळत ओढा. काही पेनांना तिथं आटेही असतात. निघत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. दिवा, गॅस जवळ आणू नका. रंगीत पेन सेल्युलॉइडचं असू शकतं आणि ते भुर्रकन पेट घेतं. एवढं करूनही निघालं नाही, तर हट्ट सोडून पेन दुरुस्तीवाल्याकडे द्यावं, यात कमीपणा नाही.

निघालं, तर जुन्या पिशवीचे तुकडे मापासाठी जपून ठेवा. नवी पिशवी दुरुस्तीवाल्याकडेच मिळेल. ती पेनाच्या तळाला टेकणार नाही इतपत कापा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेनं बसवा. झटपट चिकटणारा गोंद मुळीच नको, पुढच्या वेळी ती उघडणार कशी? रात्रभर वाळू द्या. पिशवीला बिनवासाची शंखजिऱ्याची पूड चोळली की झालं.

शाई भरताना निब पूर्ण बुडवा, खटका सावकाश उचला, सोडा आणि दहा आकडे मोजेपर्यंत निब शाईतच राहू द्या. पिशवी फुगायला वेळ लागतो, आणि घाई केली की नुसती हवा भरते. असं दोनतीनदा करा. शाई फौंटन पेनाचीच हवी. चित्रकलेची पक्की शाई आत वाळली की सगळा खटाटोप पुन्हा!

कागदावर खरखरतंय? लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नका. भिंगातून पाहा, निबेची एक पाकळी वर आलेली असते. नखानं जराशी दाबून दोन्ही सारख्या करा. '14 कॅरेट' कोरलेलं असेल तर निब सोन्याची, म्हणजे मऊ. पकड लावायची नाही.

शाई संपत आली की पेन गळतं, याचंही गुपित ऐका. रिकाम्या पिशवीतली हवा हाताच्या उबेनं फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. खानदेशातल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका! तेव्हा अर्ध्यावर आली की पुन्हा भरावी.

नातवाला मात्र बोर्डाच्या पेपराला हे देऊ नका. घरी वहीत लिहू दे. आणि पहिल्यांदा शाई भराल तेव्हा खटका सासूबाईंना उचलू द्या. त्यांनी मामंजींना शेकडो वेळा शाई भरताना पाहिलं असेल, किती हलक्या हातानं उचलायचा हे त्यांना ठाऊक असणार. पेन परत देवघरात ठेवाल तेव्हा आतली शाई काढून, साध्या पाण्यानं दोनतीनदा धुऊन, जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर निब खाली करून दिवसभर निथळू द्या.