शे-दीडशेचा गॉगल कुणी द्यायचा?

छन्नीवर हातोडा बसला की लोखंडाचा कण गोळीसारखा उडतो आणि थेट बुबुळातून आत जातो. कधी फारसं दुखतही नाही. मग शेजारचा काडीपेटीची काडी घेऊन 'कचरा' काढायला बसतो. हात जोडून सांगतो, हे थांबवा! चोळू नका, दाबू नका, पाणी मारू नका. कागदी कप हलकेच डोळ्यावर पालथा चिकटवा आणि तडक डोळ्यांचे डॉक्टर गाठा. "छन्नीवर ठोकत होतो" हे आवर्जून सांगा, म्हणजे सीटी स्कॅन होईल. एमआरआय नकोच, चुंबकाने लोखंड आत सरकतं. कण आत राहिला तर त्याचा गंज हळूहळू पडदा निकामी करतो. जखम शिवणं, व्हिट्रेक्टॉमी करून कण काढणं, ही सोय तालुक्याला सहसा नसतेच. शहर गाठेपर्यंत जंतुसंसर्गाची भीती वेगळी.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात डोळ्यांसाठी वेगळं कलम ३५ होतं. पण पत्र्याच्या शेडमधल्या पोराला विचारतो कोण? वेल्डरकडे काळी काच तरी असते, ग्राइंडरवाला नुसते डोळे बारीक करतो. माझं म्हणणं सरळ आहे. ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या प्रत्येक कामाच्या निविदेत गॉगलची अट घाला, आणि साइटवर गॉगल दिसला नाही तर ठेकेदाराचं बिल अडवा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडतोय. कोण कोण येतंय?