आधी पाणी, मग गालिचा



गणपती झाले. मखर उतरले, लेझीम-झांजा बांधल्या गेल्या, एकांकिकेचे कपडे घड्या घालून पेट्यांत भरले आणि सगळे सामान नेहमीप्रमाणे चार सभासदांच्या बेसमेंटमध्ये रवाना झाले. आपल्या मंडळाला स्वतःची वास्तू नाही. कोठार, तालमीची जागा, मराठी शाळेचा जादा वर्ग आणि फिरते वाचनालय हा सगळा संसार शिकागोजवळच्या नेपरविल, ऑरोरा, शॉमबर्गच्या तळघरांतच चालतो. तेव्हा थंडी सुरू होण्याआधीचे हे संपादकीय तळघरांवर. विषय रुक्ष वाटला तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यंदा नुकसान आपल्या पुस्तकांचे झाले आहे.

वाचनालयाची खोकी हलवताना तळाचे खोके उचलले, तर पुठ्ठ्याचा तळ जमिनीलाच चिकटून राहिला. आतल्या दिवाळी अंकांच्या कव्हरांवर काळपट हिरवे ठिपके आले होते, पाने एकमेकांना धरून बसली होती आणि कुबट वास तर जिन्यातच यायला लागला होता. खोकी ज्या भिंतीला टेकून होती, तिच्यावर वीतभर उंचीपर्यंत पांढरी भुकटी फुटली होती. आपल्या मंडळात सोलापूर, बार्शी, मंगळवेढ्याकडची बरीच मंडळी आहेत; त्यांना ती भुकटी दाखवावी लागली नाही. लोणा लागलाय, असे सगळे एकदमच म्हणाले. भिंतीतून पाणी झिरपते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जाते आणि क्षार भिंतीवर राहतात. लोणा दिसला म्हणजे भिंत बाहेरचे पाणी ओढते आहे, याबद्दल शंका ठेवू नये.

यावर पहिला सल्ला आला तोही सोलापूरचाच: खिडक्या उघडा, पंखा लावा, वारा खेळू द्या. तिकडे हा सल्ला शंभर टक्के बरोबर. सोलापूरचे वर्षभराचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस. जमिनीत थोडे खोल गेले की मातीचे तापमान या सरासरीच्या आसपास स्थिर असते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असले, तरी हवा इतकी कोरडी असते की २७ अंशांच्या भिंतीवर तिच्यातले बाष्प जमत नाही. वारा येतो आणि ओल घेऊन जातो.

इथे जमिनीचे गणित वेगळे आहे. शिकागोची वार्षिक सरासरी १० ते ११ अंश. त्यामुळे भर जुलैतही बेसमेंटच्या भिंतीचा खालचा भाग १५-१६ अंशांच्या आसपास असतो आणि बाहेरची दमट हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तरी पाणी सोडते. अशा दिवशी खिडकी उघडली, की गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा भिंतीला घाम सुटतो. आपल्याला वाटते घर वाळते आहे. प्रत्यक्षात आपण खिडकीतून पाणी आत घेत असतो. उन्हाळ्यात बेसमेंटच्या खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर चालू, हे इथले पथ्य. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, ६०च्या वर जाऊ देऊ नये.

म्हणून गावाकडचे शहाणपण इथे निकामी आहे का? मुळीच नाही. फक्त ते वाऱ्यात शोधण्याऐवजी पेवात शोधायला हवे.

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही ज्वारी पूर्वी जमिनीखाली पेवांत साठवत. पेवासाठी काळी माती टाळत, कारण ती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. निचऱ्याची, मुरमाड, उंचवट्याची जागा बघत. मग तळाला आणि कडेने कडब्याचा किंवा भुसकटाचा थर देत, म्हणजे धान्य थेट मातीला टेकत नसे. शेवटी तोंड झाकून वरून मातीने लिंपून घेत, की बाहेरची हवा आत जायला नको. पाणी लांब, मधे थर, हवा बंद: या क्रमाने केलेल्या पेवात धान्य टिकत असे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे याच रीतीने पिढ्यानपिढ्या चालली. पण २००५ साली कृष्णेचा पूर आला, पेवांत पाणी शिरले आणि त्यांचे अतोनात नुकसान झाले. आतला थर कितीही चांगला असो, पाणी आले की तो हरतो.

आणि पाणी लांब राहिले तर काय होते, त्याचाही दाखला सोलापूरशी जोडलेला आहे. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली चीनमधल्या येनानला पोहोचले, तेव्हा तिथली वस्ती लोएस मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहाघरांत राहत होती. रुग्णालयेही तशाच गुहांत होती. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार अशी ती घरे. तिथला पाऊसही साधारण सोलापूरइतकाच, म्हणजे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, आणि माती कोरडी. जमीन माणसाला चांगली सांभाळते, पण कोरडी असेल तरच.

आपल्या भागात पाया गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते तिच्या) खाली, म्हणजे सुमारे ४२ इंच न्यावाच लागतो. एवढे खणलेच आहे तर आणखी थोडे खणून एक मजला मिळवायचा, या हिशोबातून बेसमेंट आले. पण माती चिकण, पाऊस सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट आणि वर बर्फ. पेवासाठी कुणी निवडली नसती अशा जागेत आपण तालमी घेतो आणि पुस्तके ठेवतो. म्हणून क्रम अधिकच काटेकोर पाळायला हवा.

सुरुवात घराबाहेरून करा. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३५० लिटर पाणी होते आणि डाउनस्पाउट भिंतीलगत संपत असेल, तर ते सगळे पायाशी मुरते. माळवदाच्या घरांना पन्हळ भिंतीबाहेर लांब काढलेले असायचे, ते मातीच्या भिंतीवर पाणी पडू नये म्हणून. तोच नियम इथे लावा. डाउनस्पाउटला पाइप जोडून पाणी निदान पाच-सहा फूट दूर सोडा. घराभोवतीच्या मातीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्या. गटर साफ करा. सम्प पंप चालतो का, हे बादलीभर पाणी ओतून बघा आणि त्याला बॅटरीची जोड द्या, कारण मोठ्या वादळात नेमकी वीज जाते. या कामांना खर्च थोडा येतो, पण निम्म्याहून अधिक घरांची तक्रार इथेच मिटावी, असा आमच्या जाणत्या सभासदांचा अंदाज आहे.

मग भिंतीची परीक्षा घ्या. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून काँक्रीटवर घट्ट चिकटवा आणि काही दिवस तसाच ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतले बाष्प जमते आहे. मागच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येते आहे. मागून पाणी येत असेल, तर इन्सुलेशनची घाई नको. आधी पाण्याचा बंदोबस्त.

भिंत कोरडी झाली की कडबा घालायचा, म्हणजे इन्सुलेशन. इथे एक जुनी पद्धत अजून सर्रास चालते: काँक्रीटला टेकवून लाकडी चौकट, तिच्यात फायबरग्लास, त्यावर प्लॅस्टिक आणि वर ड्रायवॉल. वर्षभर छान दिसते. पण फायबरग्लासमधून हवा आरपार जाते, मागच्या गार काँक्रीटला भिडते, तिथे पाणी सोडते आणि प्लॅस्टिकमुळे ते पाणी आतच अडकते. काही वर्षांनी ड्रायवॉल काढली की मागे काळी बुरशी निघते. त्याऐवजी कडक फोमचे बोर्ड थेट काँक्रीटला चिकटवा आणि सांधे टेपने बंद करा, म्हणजे खोलीतली हवा गार भिंतीपर्यंत पोहोचणारच नाही. अशा फोमपैकी एक्सपीएस बोर्डाचे आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, इंचाला सुमारे ५ असते. आपल्या हवामानाच्या पट्ट्यासाठीच्या आदर्श बांधकाम संहितेत बेसमेंटच्या भिंतीला सलग आर-१५ किंवा चौकटीत आर-१९ सांगितले आहे. तुमच्या गावाचा नियम परमिट काढताना विचारून घ्या. दोन इंची बोर्ड, त्यापुढे चौकट आणि चौकटीत फायबरग्लास असा मेळही चांगला चालतो. फोम उघडा ठेवू नका. आगीच्या दृष्टीने त्यावर अर्ध्या इंचाची ड्रायवॉल लागते.

आणि हो, मखराचा उरलेला थर्माकोल भिंतीला लावता येईल का, असे एकाने गंभीरपणे विचारले. महाराष्ट्रात २०१८मध्ये मखराच्या थर्माकोलवर बंदी आली. आपल्याकडे तो अजून माळ्यावर आहे. जात तीच, ईपीएस फोमची, पण सजावटीचे तुकडे आणि इमारतीसाठी प्रमाणित केलेला बोर्ड यांत आगीपासूनच्या सुरक्षेचा मोठा फरक आहे. तेव्हा नको.

पेवाचे तोंड लिंपायचे काम इथे रिम जॉइस्टपाशी असते. पाया संपून लाकडी घर सुरू होते ती कड बहुतेक घरांत फटींनी भरलेली असते. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून छतातून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा ओढली जाते. म्हणूनच हीटर चालू असूनही पाय गार पडतात आणि बेसमेंटचा कुबट वास वरच्या झोपायच्या खोल्यांपर्यंत पोहोचतो. त्या कप्प्यांत फोमचे तुकडे कापून बसवायचे आणि कडा स्प्रे फोमने बुजवायच्या. एका शनिवार-रविवारचे काम आहे. बेसमेंटच्या जमिनीचेही भिंतीसारखेच. काँक्रीटवर सरळ गालिचा किंवा तालमीसाठी सोलापुरी चादर अंथरली, की ती खालून ओल धरते. आधी फोमचा थर, त्यावर प्लायवूड आणि मग काय अंथरायचे ते.

पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आतली हवा विषारी झालेली असू शकते म्हणून आधी दिवा सोडून बघत. आपल्या बेसमेंटमध्ये जमिनीतून रेडॉन वायू येतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि दिव्यालाही तो कळत नाही. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे अमेरिकेतले ते दुसरे मोठे कारण आहे. चाचणीचे किट स्वस्त मिळते. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर उपाय करावा असे इथली पर्यावरण संस्था सांगते. ही चाचणी भिंती झाकण्याआधी करा आणि घर अधिक बंदिस्त झाल्यावर पुन्हा करा.

आणखी एक गोष्ट, मंडळी. दिवाळीला किंवा उन्हाळ्यात आई-बाबा येतात, तेव्हा त्यांची सोय बेसमेंटमध्ये केली जाते. पण झोपायच्या खोलीला बाहेर निघता येईल अशी खिडकी असावीच लागते: मोकळी जागा साधारण ५.७ चौरस फूट आणि उंबरा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नाही. सत्तरीच्या माणसाला आगीच्या वेळी तिथून बाहेर पडता येईल का, हे एकदा प्रत्यक्ष उभे राहून बघा. जमणार नसेल, तर वरच्या दिवाणखान्यातला सोफा-कम-बेड बरा.

बेसमेंट 'करून घ्यायचे' म्हटले की आपल्याकडे आधी होम थिएटरचा पडदा ठरतो, मग बारचा ओटा, मग फरशीचा रंग, आणि भिंतीच्या मागे काय जाणार हे कंत्राटदारावर सोडले जाते. आमचे म्हणणे एवढेच, की हा क्रम उलटा करा. कंत्राटदाराला पहिला प्रश्न पाण्याबद्दल विचारा, दुसरा भिंतीला थेट काय टेकणार याबद्दल, आणि दरपत्रक त्यानंतर मागा. पहिल्या दोन प्रश्नांना जो टाळाटाळ करील, त्याला चहा पाजून निरोप द्या.

मंडळापुरते निर्णय समितीने घेतले आहेत. वाचनालय आता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब आणि झाकणाच्या पेट्यांत राहील. ज्या घरांत मंडळाचे सामान आहे, तिथे मंडळाच्या खर्चाने आर्द्रतामापक बसवले जातील. ज्यांनी बेसमेंटचे काम स्वतः केले आहे अशा सभासदांनी समितीला कळवावे. नोव्हेंबरच्या सभेत चहापानानंतरचा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. आणि गटर साफ करायला शिडी हवी असेल, तर मंडळाची आहे, मागून न्या. पण पाने गळून झाली की लगेच न्या, बर्फ पडायची वाट बघू नका.

आपले,
संपादक मंडळ