स्पॅनिश ए-वन: क्लासची फी भरायच्या आधी हे वाचा



"एक्सपोर्ट करायचंय, स्पॅनिश शिकू का?" हा प्रश्न मला सारखा येतो. साहजिक आहे. स्पेन, मेक्सिको, पेरू, कोलंबिया, अर्जेंटिना, एवढ्या देशांत एकच भाषा चालते. शिका की! पण पहिल्या पायरीवर हातात काय पडतं ते बघा, मग पैसे भरा.

ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या असतात. ए-वन सगळ्यात खालची. त्यात 'ओला', 'ग्रासियास', स्वतःची ओळख, आकडे, वार, वेळ, 'क्वांतो क्वेस्ता?' म्हणजे कितीला पडेल, आणि मुख्यतः वर्तमानकाळ. 'काल माल पाठवला' हे सांगायला बहुतेक क्लासमध्ये पुढची पायरी गाठावी लागते.

आता आपला फायदा सांगतो. 'मे गुस्ता एल ते' हे वाक्य इंग्रजीवाल्यांचं डोकं खातं. आपल्याला काय, 'मला चहा आवडतो', तीच रचना! वस्तू अनेक असल्या की 'मे गुस्तान', म्हणजे आवडतात. त, द, प, क हे उच्चारही आपल्या ओळखीचे. मित्राला 'तू', नवीन गिऱ्हाइकाला 'उस्तेद', हे तर आपल्याला शिकवायलाच नको. घोळ होतो तो 'आहे'चा. मी दुकानदार आहे, याला 'सोय'. मी दुकानात आहे, याला 'एस्तोय'. इथे महिना जातो, घाबरू नका.

आणि आकड्यांना हलकं घेऊ नका. मी घेतलं होतं. ए-वन झाल्या झाल्या जोशात फोनवर कापडी पिशव्यांची ऑर्डर घेतली. 'सेसेंता' म्हणजे साठ, 'सेतेंता' म्हणजे सत्तर. मी सत्तर शिवून घेतल्या, त्यांना हव्या होत्या साठ. वर त्यांच्या दुकानाचं नाव छापलेलं, त्यामुळे दहा पिशव्या दुसरीकडे विकताही येईनात. बीबीएमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं! तेव्हापासून आकडा लेखीच मागतो. लेखी आकडाही नीट वाचा, स्पेनमध्ये 1.500 लिहिलं तर ते दीड नसतं, दीड हजार असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. 'ए-वन करा, एक्सपोर्टर व्हा' अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. प्रदर्शनातल्या स्टॉलवर दोन वाक्यं बोलायला, पहिला मेसेज टाकायला ए-वन मस्त. समोरचा खुलतो, हे मी अनुभवलंय. पण पेमेंटच्या अटी आणि करार? तिथे भाषांतरकाराचे पैसे द्या, ते चुकीपेक्षा स्वस्त पडतात. सर्टिफिकेटचं म्हणाल तर, इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेसची डेले परीक्षा नोकरीसाठी कामाची आहे, पण मला अजून एकाही गिऱ्हाइकाने ते विचारलेलं नाही.

आयईसी कोड काढलाय का? सॅम्पल तयार आहेत? नसतील तर या महिन्यात आधी ते उरका. स्पॅनिशची पुढची बॅच कुठे पळून जात नाही.