विजेने दिलेली घटका

वैशाखातील दुपारी क्षितिजावर कोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग चढू लागला, की वळवाची चाहूल लागते. काढलेला कांदा शेतात उघडा असतो, कडब्याची गंजी झाकायची राहिलेली असते आणि साऱ्यांची धांदल उडते. याच धांदलीत वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. भारतात विजेमुळे दरवर्षी २,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. त्यांत शेतात राबणाऱ्यांचा भरणा मोठा असतो.

परंतु वीज जशी घातक, तशीच ती पूर्वसूचकही आहे. ढगाच्या उंच, थंड थरात बर्फाचे सूक्ष्म कण व गारेचे जड कण एकमेकांवर आदळून विद्युत्भार विभागला जातो. वर चढणारा वारा जितका जोरदार, तितक्या विजा अधिक. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात. त्यांची संख्या एकाएकी वाढली, तर थोड्याच वेळात वादळी वारा वा गारपीट होण्याचा संभव असतो. विजेपासून निघणाऱ्या रेडिओ लहरी ठिकठिकाणचे संवेदक टिपतात व त्यांवरून विजेची जागा निश्चित होते. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने असे जाळे उभारले असून, तिचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप २० व ४० किलोमीटर परिघातील विजेचा इशारा सुमारे अर्धा तास आधी देते.

तथापि, इशारा मालकाच्या खिशात पोहोचला म्हणजे तो शेतात पोहोचला असे नव्हे. कांदा काढणाऱ्या मजूर स्त्रिया, माळावर शेळ्या वळणारा मुलगा यांच्यापाशी पुष्कळदा फोन नसतो. असला तरी काम सोडून निघण्याची मुभा नसते. शास्त्राने मिळवून दिलेला घटकाभराचा अवधी तेथेच वाया जातो. म्हणून इशारा मिळताच काम थांबवून साऱ्यांना पक्क्या घरात पोहोचविणे, आणि तेवढ्या वेळाची मजुरी न कापणे, हे मालकाने आपले कर्तव्य मानले पाहिजे. ग्रामपंचायतीनेही ध्वनिक्षेपकावरून इशारा पुकारण्याचे काम एका जबाबदार व्यक्तीकडे सोपविणे अगत्याचे आहे.

जेथे फोन चालत नाही, तेथे डोळे व कान आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर ३ सेकंदांस सुमारे १ किलोमीटर अंतर धरावे. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर धोका जवळ आला असे समजावे. झाडाखाली आसरा न घेता पक्के घर गाठावे व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

भिजलेल्या कांद्याचे नुकसान मोठे असते, हे खरे. पण ते पुढील हंगामात भरून काढता येते. तो झाकण्यासाठी कडाडत्या विजेत कोणासही शेतात धाडू नये.