‘या चित्रपटातून मला शिक्षा मिळाली’

यंदा सातवी-आठवीच्या मुलांना शाळेच्या सभागृहात ‘एलिझाबेथ एकादशी’ दाखवला आणि दुसऱ्या दिवशी एका पानात त्याचे परीक्षण लिहून आणायला सांगितले. कागद आले. मधल्या सुट्टीत ते वाचताना आम्ही तिघीजणी इतक्या हसलो की शेजारच्या वर्गावरचे सर काय झाले म्हणून डोकावून गेले. त्यातली निवडक परीक्षणे आपल्या पत्रिकेच्या पुढच्या अंकात येणार आहेत. ती घरोघरी जाण्याआधी पालकांशी थोडे बोलावे असे वाटले.

आधी थोडी वानगी. एका मुलाने लिहिले आहे, ‘पिक्चर खूप चांगली होती. या चित्रपटातून मला शिक्षा मिळाली.’ दुसऱ्याचे मत, ‘दिग्दर्शकाने गरिबी दाखवण्याची पुष्कळ चेष्टा केली आहे.’ एका मुलीला ज्ञानेशची धाकटी बहीण झेंडू आवडली नाही. कारण दिले आहे : ‘ती माझ्या बहिणीसारखी आहे.’ आणखी एकाचा निर्वाळा असा की सगळ्यांत चांगले काम सायकलने केले, ती एकदाही खोटी वाटली नाही. आणि हे एक : ‘मी पंख्याखाली बसलो होतो म्हणून गाणी ऐकू आली नाहीत, पण चांगली असावीत.’ एवढा सावध समीक्षक मी तरी अजून पाहिलेला नाही! हल्ली जेवणापासून रिक्षापर्यंत प्रत्येक गोष्टीला मोबाईलवर तारे द्यायची सवय लागल्यामुळे बहुतेकांनी शेवटी तारेही दिले आहेत. एकाने पाचपैकी सहा.

आता यात हसण्यासारखे काय आहे ते जरा वेगवेगळे करून पाहू. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ यांचा खुलासा इंदूरकरांना करायला नको. हिंदीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गोष्ट संपली की ‘इससे हमें क्या शिक्षा मिलती है’ हा प्रश्न असतो. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. मुलगा दिवसभर हिंदीत वावरतो, दोन्ही भाषांची लिपी एक, शब्दाचे रूप तेच. तो शब्द उचलतो आणि मराठीच्या ताटात वाढतो. पिक्चर स्त्रीलिंगी होते, ‘आईने’चे ‘आई ने’ होते, ‘डोळे’चे ‘डोले’ होतात. त्याच्या बाजूने पाहिले तर वाक्य बिनचूक आहे. विनोद ऐकणाऱ्याच्या कानात होतो, लिहिणाऱ्याच्या मनात नसतो.

झेंडूचे आणि सायकलचे प्रकरण निराळे. तिथे भाषेची चूक नाहीच. आपण मोठी माणसे जे लिहिणार नाही ते मुलांनी लिहिले, म्हणून हसू येते. पण चित्रपट पाहिलेल्यांनी सांगावे, सायकलबद्दल तो मुलगा खोटे बोलला का? मृत वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल. कर्जापायी आईचे स्वेटर विणण्याचे यंत्र जप्त होते, सायकल विकायची वेळ येते आणि ती वाचावी म्हणून मुले पंढरपुरात ऐन कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. सगळी गोष्ट त्या सायकलभोवती फिरते. चित्रपटाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (तमिळ ‘काका मुट्टै’सोबत विभागून), पण त्याबद्दल इतके नेमके वाक्य मी मोठ्यांच्या परीक्षणात वाचल्याचे आठवत नाही.

मोठ्यांच्या परीक्षणांचेही एकदा काढूच. ‘सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला आहे. छायाचित्रण नेत्रसुखद. संकलन गतिमान. एकूणच सहकुटुंब पाहावा असा चित्रपट.’ ही वाक्ये मी आपल्याकडच्या मंडळांच्या वृत्तांतांत वर्षानुवर्षे वाचत आले आहे आणि खरे सांगायचे तर दोनदा स्वतः लिहिलीही आहेत. ती कुठल्याही चित्रपटाला लागू पडतात. त्यांना कोणी हसत नाही, हीच मला गंमत वाटते. यंदा आठवीच्या एका मुलानेही ‘संकलन गतिमान’ लिहून आणले. घरातून कोणाची तरी मदत झाली असणार. संकलन म्हणजे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘कलेक्शन मॅडम. पैसे लवकर गोळा झाले.’

शहाण्यासुरत्या समीक्षकांचेही अंदाज चुकतात. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला तेव्हा बऱ्याच जाणकारांनी त्याला नाके मुरडली होती. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक चालला. असो.

मला बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, आणि त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना ‘श्वास’ दाखवला होता. संदीप सावंत यांचा हा २००४ सालचा चित्रपट. भारतातर्फे ऑस्करसाठी गेल्यामुळे तेव्हा घराघरांत पोचला होता, आजच्या मुलांना मात्र नवाच. परशाला डोळ्यांचा कर्करोग झालेला असतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि दिसते आहे तोवर जे दाखवता येईल ते दाखवतात. सातवीतल्या एका मुलीने परीक्षणात लिहिले, ‘डोले जाणार म्हणून आजोबा नातू ला सारा संसार दाखवतात.’

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ‘आमच्या समीक्षकांच्या लेखणीतून’ असा पाच मिनिटांचा कार्यक्रम मी केला. मुलांची वाक्ये एकेक करून वाचून दाखवली. मला वाचायची हौस आहे, कुठे थांबायचे ते कळते. ‘सारा’ म्हटल्यावर थांबले आणि मग ‘संसार’ म्हटले. सभागृह कोसळले. भांडीकुंडी, गॅस, मिक्सर, सगळे लोकांच्या डोळ्यांसमोर आले असणार. नाव घेतले नव्हते, पण वर्गातल्या मुलांना ठाऊक होते. ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तीही हसत होती, म्हणून मी निश्चिंत राहिले.

पुढच्या सत्रापासून तिचे मराठीचे निबंध पाच ओळींचे होऊ लागले. पाचही शुद्ध. चूक काढायला जागा नाही आणि वाचायलाही काही नाही. मला वाटले, वयाचा परिणाम. मग एकदा हिंदीच्या भित्तिपत्रिकेत तिचा लेख पाहिला. एका चित्रपटावरच होता आणि चांगला भरगच्च होता.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी ते संसाराचे वाक्य परत आठवले. हिंदीतला संसार म्हणजे जग. दिसेनासे होण्याआधी आजोबा नातवाला सारे जग दाखवतात. अख्ख्या चित्रपटाचा गाभा तिने एका ओळीत धरला होता आणि आम्ही, म्हणजे मी आणि तुमच्यापैकी जे तेव्हा सभागृहात होते ते, नेमके त्याच ओळीला हसलो.

यावर आमच्या शिक्षकवर्गात दोन मते आहेत. एक मत असे, की परीक्षणे पूर्ण सुधारूनच छापावीत. पत्रिका पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत जाते. ‘तुमचे इंदूरचे मराठी’ हा शेरा आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. (मी लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा ‘मी पोहे बनवते’ म्हणाले. ‘आमच्याकडे करतात’, असे उत्तर मिळाले. तीस वर्षे झाली, अजून लक्षात आहे.) या मताचा मला आदर आहे. शाळेने चुकीचे मराठी छापून त्याचे कौतुक करू नये, हे खरेच. पण एकदा प्रयोग म्हणून आम्ही पाच परीक्षणे पूर्ण सुधारली. झेंडू गेली, पंखा गेला, सायकलचे काम गेले आणि पाचही कागदांवर सर्व कलाकारांनी भूमिकांना न्याय दिला!

म्हणून यंदा असे ठरवले आहे. ऱ्हस्व-दीर्घ, ‘ळ’ आणि तुटलेले विभक्तिप्रत्यय आम्ही मुकाट्याने दुरुस्त करू. त्यात मुलाचे स्वतःचे असे काही नसते. शब्द खटकला तर आधी त्या मुलाला बोलावून, तुला काय म्हणायचे होते, असे विचारायचे आणि शब्द त्यानेच बदलायचा. मताला हात लावायचा नाही, मग ते पंख्याबद्दल का असेना. आणि व्यासपीठावरून कोणाचे काहीही त्याला विचारल्याशिवाय वाचायचे नाही. पालकांकडे एकच मागणे आहे : अंक आल्यावर हसा, जरूर हसा, आम्हीही हसलोच. पण मुलगा समोर असताना मावशीला फोन लावून ते वाक्य तिखटमीठ लावून ऐकवू नका.

शिक्षा मिळालेल्या त्या मुलालाही बोलावले होते. मराठीत शिक्षा म्हणजे काय ते सांगितले. त्याने विचार केला. ‘मग धडा मिळाला असे लिहू?’ मी हो म्हणणार तेवढ्यात तोच म्हणाला, ‘पण मॅडम, धडा शिकवणे म्हणजे पण मारणेच ना?’ मला उत्तर सुचेना. बोध हा शब्द सुचवला, तो त्याला म्हाताऱ्या माणसांचा वाटला. शेवटी म्हटले, शब्द राहू दे, काय कळले तुला ते सांग. तो म्हणाला, ‘आई खूप रागावते ना, तेव्हा तिच्याजवळ पैसे नसतात.’

ते वाक्य पुढच्या अंकात येईल. खाली नाव मात्र नसेल. तशी त्याची अट आहे, कारण त्याची आई ही पत्रिका वाचते.