आजारी कुत्रें, कच्चें अन्न आणि शाकाहारी घर

रस्त्यावरचें एखादें मरतुकडें पिल्लू मुलें उचलून घरीं आणतात आणि वडीलधाऱ्या मंडळींपुढें मोठा प्रश्न उभा राहतो, ही गोष्ट आपल्या समाजांत आतां नवी राहिलेली नाहीं. पूर्वीं कुत्र्याची जागा अंगणापलीकडे असे. वैश्वदेवाच्या वेळीं त्याच्या नांवानें अन्न बाहेर ठेविलें कीं गृहस्थाचें कर्तव्य पुरें होई. आतां वाडे गेले, अंगणें गेलीं, आणि तें जनावर उंबरठा ओलांडून थेट दिवाणखान्यांत आलें. तें धडधाकट असलें तर फारशी अडचण पडत नाहीं. पण आजारी असलें तर त्याला खाऊं काय घालावें यावरून घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, दूध-पोळी पुरे. दुसरा म्हणतो, मांसावांचून तें जगणार नाहीं. अलीकडे यांत तिसऱ्या तटाची भर पडली आहे. त्याचें म्हणणें असें कीं, कुत्रा हा मूळचा लांडगा. त्याला कच्चें मांस व कच्चीं हाडें घाला, म्हणजे सारे रोग पळतील. या महिन्यांत या वादाचाच विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम धर्माचें पाहूं. कारण घरांतील खरी अडचण पुष्कळदां तीच असते. महाभारताच्या आरंभींच एका कुत्र्याची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें, तें चाटलेंहि नव्हतें. निरपराध जिवाला मारल्याबद्दल सरमेनें राजाला शाप दिला आणि एवढा मोठा राजा खिन्न झाला. त्याच ग्रंथाच्या अखेरीस युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास नकार देतो. आपल्याकडे नामदेवांची कथा तर मुलांनाहि ठाऊक आहे. कुत्र्यानें पोळी पळविली तेव्हां ते काठी घेऊन धांवले नाहींत. कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून तुपाची वाटी घेऊन धांवले. या कथेचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, दारीं आलेल्या जिवाला आपल्याला काय द्यावेंसें वाटतें याहून त्याला काय कमी पडत आहे, तें आधीं पाहावें.

आमच्याच घरचें उदाहरण दिल्यास पुढील विवेचन अधिक स्पष्ट होईल. २०२३ च्या पावसाळ्यांत आमच्या धाकट्या पुतण्यानें पुण्यांतील एका नाल्याच्या कांठावरून सुमारें तीन महिन्यांचें एक पिल्लू आणलें. बरगड्या मोजून घ्याव्या अशी स्थिति, डोळे खोल गेलेले, उलट्या व रक्तमिश्रित जुलाब चालू. वजन अवघें ३ किलो भरलें. घरांत त्या वेळीं लहानमोठीं ११ माणसें होतीं. त्यांत ८४ वर्षांच्या ताईआजी, दोन वर्षांची नात आणि सातवा महिना चालू असलेली धाकटी सून. हा तपशील आम्हीं मुद्दाम दिला आहे. पुढील निर्णयाशीं त्याचा निकट संबंध आहे.

पशुवैद्यांनीं विष्ठा तपासून पार्व्हो विषाणूचें निदान केलें. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर प्रथम ओळखूं आला. सुमारें दीड ते सहा महिन्यांच्या, लस न टोंचलेल्या पिल्लांना तो विशेषेंकरून गांठतो. आंतड्याचें आंतील अस्तर तो उद्ध्वस्त करतो आणि रक्तांतील पांढऱ्या पेशीहि घटवितो. म्हणजे शत्रूला वाट मोकळी आणि पहारेकरी गैरहजर, अशी शरीराची अवस्था होते. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्लें दगावतात. वेळींच सलाईन व उलटी थांबविणारीं औषधें मिळालीं तर पुष्कळ वांचतात. माणसांना हा रोग होत नाहीं, हें कळल्यावर घरांतील निम्मी भीति गेली. परंतु हा विषाणु फरशीवर व मातींत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाहीं. त्यासाठीं कपडे शुभ्र करण्याचें ब्लीच एक भाग व पाणी तीस भाग असें मिश्रण करून जागा पुसावी लागते. आणि त्या जागीं दुसरें लस न टोंचलेलें पिल्लू आणूं नये.

तीन दिवस पिल्लू दवाखान्यांत राहिलें आणि उलट्या आटोक्यांत आल्यावर घरीं आलें. आतां प्रश्न खाण्याचा. पूर्वीं अशा रोग्याला उलटी पूर्ण थांबेपर्यंत उपाशी ठेवीत. आतां थोडें थोडें अन्न लवकर सुरू करण्याकडे वैद्यांचा कल आहे, कारण आंतड्याचें अस्तर त्यांत आलेल्या अन्नावरच पुन्हां उभें राहतें. परंतु 'थोडें थोडें' या शब्दांवर आमचा भर आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या प्राण्याला एकदम पोटभर घातलें तर रक्तांतील फॉस्फरस व इतर क्षार झपाट्यानें पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडूं शकतें. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारींतून सुटलेल्या माणसांतहि डॉक्टरांनीं हा प्रकार पाहिला होता. 'बिचारें किती दिवसांचें भुकेलें आहे' म्हणून दयेनें वाढलेली थाळीच अशा वेळीं प्राणावर बेतते. आम्हांस सांगण्यांत आलें तें असें: पहिल्या दिवशीं ठरलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा, दुसऱ्या दिवशीं अर्धा, तिसऱ्या दिवशीं पाऊण आणि चौथ्या दिवशीं पूर्ण, तेंहि दिवसांतून सहा वेळां विभागून.

येथपर्यंत मतभेद नव्हता. पण काय द्यावयाचें, याची गोष्ट निघतांच पुतण्यानें कच्च्या मांसाचा पक्ष उचलला. ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनीं १९९३ मध्यें पुस्तक लिहून या मताचा पुरस्कार केला. तेव्हांपासून तें जगभर पसरलें आहे. पुतण्यानें तें सर्व वाचलें होतें. तो थोरल्या वहिनींना म्हणाला, "काकू, लांडगा कधीं चूल पेटवतो का?" वहिनींनीं वळूनहि न पाहतां उत्तर दिलें, "अरे, लांडगा सलाईन लावून पडूनहि राहत नाहीं."

विनोद सोडून दिला तरी दोन्ही बाजूंचा विचार करणें न्याय्य होय. कच्च्या अन्नाच्या पक्षांत तथ्य आहे तें असें: ताजें मांस पचावयास हलकें असतें, त्यांत पाण्याचा अंश भरपूर असतो व विष्ठा कमी होते. तसेंच शिजविलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिपा उडतात आणि आंतड्याला भोंक पडूं शकतें. कच्च्या हाडांत हा धोका त्या मानानें कमी, तथापि दांत मोडण्याचा व घशांत अडकण्याचा धोका त्यांतहि आहेच. मात्र यांतील पहिले गुण मांसाच्या ताजेपणाचे आहेत, कच्चेपणाचे नव्हेत. तेंच मांस उकडलें म्हणून ते जात नाहींत.

लांडग्याच्या युक्तिवादाचें काय? २०१३ मध्यें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं कुत्रा व लांडगा यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यांत २ प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. म्हणजे हजारों वर्षें माणसाच्या दारांत राहून, त्याचा भात व भाकरी खाऊन, कुत्र्याचें पोटहि आपल्यासारखें झालें आहे. कुत्रा लांडग्याच्या कुळांतला खरा. पण तो केव्हांच आपल्या घरीं दत्तक आला आहे.

मुख्य आक्षेप जंतूंचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१० ते २०१२ या काळांत पाळीव प्राण्यांच्या विकाऊ कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांपैकीं १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे जंतु सांपडले. २०१२ मध्यें तेथील पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संस्थेनेंहि कच्चें मांस देऊं नये असा ठराव केला. यावर असें सांगण्यांत येतें कीं, धडधाकट कुत्रें हे जंतु पचवितें. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु तें स्वतः आजारी न पडतां विष्ठेवाटें ते घरभर पसरवितें, आणि त्याच तोंडानें मुलांचे हात चाटतें. लिस्टेरिया गरोदर स्त्रीच्या पोटांतील गर्भाला घातक ठरतो. साल्मोनेला लहान मुलांना व वृद्धांना लोळवितो. मांस गोठविल्यानें कांहीं कृमि मरतात, पण हे जंतु गोठवणींत तग धरतात. आणि आमचा रोगी तर धडधाकट नव्हताच. त्याचीं आंतडीं सोललेलीं आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या. अशा जिवाला कच्चें मांस घालणें म्हणजे भिंत पडलेल्या घरांत चोराला पाहुणा म्हणून बोलावणें होय.

पशुवैद्यांनीं आपला अभिप्राय दिला: कच्चें नको, बिनचरबीची कोंबडी हाडें काढून पूर्ण उकडावी आणि मऊ भातांत कुस्करून द्यावी. ती नको असेल तर उकडलेलें अंडें किंवा पनीर यांवरहि कांहीं दिवस भागवितां येईल. पण पिल्लू पहिल्या पदार्थाला चटकन तोंड लावील. आतां मान खालीं घालण्याची पाळी सर्वांची होती. आमच्या घरांत आजवर मांस शिजलेलें नव्हतें. कोणी बोलेना. शेवटीं वहिनीच बोलल्या. "माझ्या स्वयंपाकघरांत तें येणार नाहीं," त्या पुतण्याला म्हणाल्या, "पण तें पोर दारांत आलें आहे. मागच्या पडवींत वेगळी शेगडी मांड, वेगळें पातेलें घे. माझें सोवळें मी सांभाळीन, तूं त्याचा जीव सांभाळ." ताईआजींनीं एवढेंच विचारलें कीं, त्याला थंडी तर वाजत नाहीं ना, आणि आपली जुनी धाबळी काढून दिली.

या व्यवस्थेवर घर चाललें. पुतण्या दिवसांतून सहा वेळां पडवींत शिजवी व भरवी, आणि हात साबणानें धुतल्यावांचून आंत येत नसे. सुनेला व नातीला पडवी बंद होती. रात्रीं दर दोन तासांनीं चमच्यानें पाणी पाजण्याचें काम मात्र वहिनींनीं स्वतःकडे घेतलें. पाण्याला सोवळें आड येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पांचव्या दिवशीं मळ बांधून आला. दहाव्या दिवशीं पिल्लू शेपटी हलवीत शेगडीपर्यंत चालत गेलें. पुढें वैद्यांच्या सल्ल्यानें आहारांत उकडलेला लाल भोपळा, थोडें तेल व कॅल्शियमची पूड आली. कारण नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाचीं हाडें मऊ पडतात. सहा आठवड्यांनीं वजन ६ किलो भरलें. पुतण्यानें त्याचें नांव मोत्या ठेविलें.

आतां वाचकांच्या सोयीसाठीं चार गोष्टी सांगतों. नुसतें दूध-पोळी हा कुत्र्याचा पूर्ण आहार नव्हे. आणि जुलाबानंतर दूध तर टाळावेंच, कारण त्यांतील साखर पचत नाहीं. काळजीपूर्वक योजिलेल्या शाकाहारावर कुत्रें राहूं शकतें, परंतु ती योजना पशुवैद्याकडून करून घ्यावी. मांजराला मात्र हा नियम लावूं नये. तें खरेंखुरें मांसाहारी आहे. अंडें द्यावयाचें तर उकडून. कच्च्या पांढऱ्या बलकांतील एक द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वाला अडवून धरतें, आणि शिजविल्यानें तो दोष जातो. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. म्हणून आपली फोडणीची आमटी किंवा प्रसादाचा मनुकांचा शिरा त्याच्यापुढें ठेवूं नये. ज्यांच्या घरांत मूल, वृद्ध वा गरोदर स्त्री नाहीं आणि ज्यांचें कुत्रें पूर्ण निरोगी व प्रौढ आहे, त्यांना कच्च्या आहाराचा मोह झालाच, तर तो पशुवैद्याला विचारून करावा. रोग्यावर तो प्रयोग करूं नये.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनोळखी पिल्लू उचलतांना हातमोजे किंवा जाड फडकें वापरावें. पिल्लू केवढेंहि लहान असो, त्याचा दांत वा नख लागलें तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. चुना, मिरची, हळद असें कांहींहि जखमेंत भरूं नये. लुई पाश्चर यांनीं १८८५ मध्यें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका मुलाला लस टोंचून वांचविलें, तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो. पण त्याचीं लक्षणें एकदां उमटलीं कीं तो जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. पिल्लू बरें होतांच वैद्यांच्या सांगण्याप्रमाणें त्याला रेबीजची व इतर लसी टोंचून घ्याव्या. पार्व्होचीहि लस आहे, आणि ती वेळेवर टोंचली असती तर वरील सारी यातायात वांचती.

घरांत मतभेद होतात ते बहुधा तत्त्वांवरून होतात, आणि सुटतात ते व्यवस्थेवरून. ज्याला शेगडी वेगळी मांडतां येते त्याला तत्त्वहि राखतां येतें आणि दयाहि. सोवळें मोडलें नाहीं, शास्त्र मोडलें नाहीं, गर्भिणीला धोका पोंचला नाहीं आणि एक जीव वांचला, एवढें एकत्र साधत असेल तर एकत्र कुटुंबाची जुनी पद्धत अजून निकामी झालेली नाहीं, असें आम्हांस वाटतें. मात्र त्यासाठीं कोणीतरी प्रथम हें विचारावें लागतें कीं, या जिवाला आज काय कमी पडत आहे.