पिकअपचे ऑईल : भाग छोटे, घात मोठा

कर्ज काढून एक पिकअप घ्यायची, बाजार समितीचा माल वाहायचा आणि त्यावर घर उभे करायचे, हा मार्ग आपल्यातील अनेक होतकरू तरुणांनी धरला आहे. गाडी घेताना घरातील बाईचे दागिने गहाण पडतात, भावाची सही जामीन म्हणून लागते. गाडी एकाच्या नावावर असली तरी ती साऱ्या घराची असते. म्हणून आजचा विषय इंजिनाचा असला तरी हे सदर केवळ ड्रायव्हर-मेकॅनिकांनी नव्हे, तर घरातील सर्वांनी वाचावे अशी आमची विनंती आहे. विषय आहे इंजिन ऑईलचा आणि ते ऑईल सांभाळणाऱ्या लहान लहान भागांचा.

वेळेवर ऑईल बदलले की काम संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ऑईल चांगले हवेच. पण ते जिथे पोचायला हवे तिथे पोचले नाही तर चांगल्या ऑईलचाही उपयोग नाही. चेंबरमधले ऑईल जाळीतून वर येते, पंप ते दाबाने फिल्टरकडे ढकलतो, आणि तिथून ते क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, टर्बो अशा सर्व ठिकाणी जाऊन पुन्हा चेंबरमध्ये उतरते. क्रँक मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे मारतो, तरी तो बेरिंगच्या धातूवर घासत नाही. दोघांच्या मध्ये ऑईलचा पातळ थर असतो. हा थर गेला की थोड्याच वेळात बेरिंग धरते आणि इंजिन जाम होते. मग गाडी टोचन करून आणावी लागते, क्रँक ग्राइंडिंगला जातो, धंदा महिनाभर बसतो. हप्ता मात्र बसत नाही.

आता इंजिन जाम होण्याचे कारण पाहू गेले तर ते बहुतेक वेळा मोठे नसते. एखादी कडक झालेली रबरी नळी, चपटलेला वायसर, जुनी ओ-रिंग, नाही तर बिघडलेला स्विच, अशी ही कारणे असतात. इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य असते. असे भाग फुटायची वाट न पाहता आधीच बदलावेत, हेच आम्हाला आज सांगायचे आहे.

सर्वांत आधी व्हॅक्यूम पंपाच्या नळ्या. जुन्या बनावटीच्या अनेक डिझेल गाड्यांत आल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. ब्रेक हलका लागावा म्हणून लागणारी ओढ हा पंप तयार करतो. त्याला इंजिनातूनच ऑईल मिळते. एका बारीक नळीने ऑईल येते आणि दुसऱ्या रबरी नळीने चेंबरमध्ये परत जाते. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याला भेगा पडतात, क्लिप सैल होते. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून वाशीला निघालेली गाडी कसारा घाट उतरत असताना ही नळी फुटली, तर दुहेरी संकट उभे राहते. एकीकडे इंजिनाचे ऑईल रस्त्यावर सांडते, दुसरीकडे पंप कोरडा पडून ब्रेकचे पेडल दगडासारखे होऊ शकते. म्हणून या नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. कडक लागल्या, भेग दिसली, तोंडाशी ओल दिसली तर दोन्ही नळ्या क्लिपांसह बदलाव्यात. ऑईलसाठी बनवलेली नळीच घ्यावी. पाण्याची नळी कापून बसवू नये, ती ऑईलने फुगून सुटते. नव्या गाड्यांत पंप दुसरीकडे असू शकतो, तेव्हा आपल्या गाडीत तो कुठे आहे हे मेकॅनिककडून एकदा पाहून घ्यावे.

दुसरा भाग म्हणजे प्रेशर स्विच, ज्याच्यावर डॅशबोर्डमधला लाल दिवा चालतो. ऑईल किती आहे हे हा दिवा दाखवत नाही. ऑईलचा दाब जवळजवळ संपल्यावरच तो पेटतो. त्यामुळे दिवा पेटला तर "पुढच्या पंपावर पाहू" असे म्हणायला वेळ उरलेला नसतो. सपाट रस्ता असेल तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. घाटात मात्र इंजिन एकदम बंद करू नये. ब्रेकची मदत आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही जातात. खालच्या गिअरमध्ये गाडी डावीकडे घेऊन, थांबवून, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून मग इंजिन बंद करावे. इंजिन गेले तर पुन्हा बांधता येते, माणूस येत नाही. रोज सकाळी चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो का आणि इंजिन सुरू होताच विझतो का, हे पाहावे. चावी दिल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब, वायर किंवा स्विच यांपैकी काही तरी गेलेले आहे. अशा गाडीचा ड्रायव्हर डोळे झाकून गाडी चालवतो असेच म्हणावे लागेल.

तिसरा भाग फिल्टर आणि चेंबरचा बोल्ट. फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा होतात, आणि दाब वाढताच ऑईल बाहेर फेकले जाते. म्हणून नवा फिल्टर बसवण्यापूर्वी बैठक बोटाने पुसून पाहावी. फिल्टर पान्याने आवळू नये, हाताने घट्ट करावा. चेंबरच्या बोल्टचा वायसर दर वेळी नवा टाकावा. जुन्या वायसरवर गळती थांबवण्यासाठी बोल्ट जोर लावून आवळला की चेंबरचे आटे जातात. स्वस्त बनावट फिल्टरमध्ये आतला कागद सुटतो, झडप काम करत नाही. तिथे पैसा वाचवू नये.

चौथा भाग टर्बोची ऑईल नळी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो केवळ ऑईलवर तरंगतो. चढ चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केले तर तिथले थांबलेले ऑईल तापून कोळसा होते आणि नळीचे भोक आतून बुजत जाते. एक-दोन मिनिटे इंजिन मोकळे चालू ठेवून मग बंद करावे. टर्बो बदलण्याची वेळ आलीच तर जुनी नळी पुन्हा लावू नये. नळी आणि तांब्याचे वायसर नवेच घ्यावेत, नाही तर नवा टर्बोही तसाच जातो.

पाचवा भाग ऑईल कूलर. त्याचे पॅकिंग किंवा ओ-रिंग गेली की ऑईल आणि कूलंट एकत्र होतात. कूलंटच्या टाकीत तपकिरी साय दिसली, किंवा डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखे ऑईल दिसले, तर गाडी पुढे नेऊ नये. अशा वेळी हेडचे पॅकिंगही तपासावे लागते, कारण लक्षणे सारखीच असतात.

काही जण विचारतील, कंपनीने बसवलेला भाग चांगलाच असणार, तो आधीच कशाला बदलायचा? याचे उत्तर अमेरिकेतील एका पिकअपने दिले आहे. फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये २००३ ते २००७ या मॉडेलांत सहा लिटरचे डिझेल इंजिन होते. ते नॅव्हिस्टार या कंपनीने बनवलेले होते. त्यात इंजेक्टरही ऑईलच्या दाबावर चालत. त्याच्या ऑईल कूलरच्या बारीक वाटा कूलंटमधल्या गाळाने बुजत. मग त्याच्या पुढे असलेल्या, धुराचा वायू थंड करणाऱ्या दुसऱ्या कूलरला पाणी कमी पडून तो फुटे. २००४च्या मध्यापासूनच्या इंजिनांत उच्च दाबाच्या पंपावरचा एक जोड सैल होई आणि तापलेली गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नसे. वॉरंटीच्या खर्चावरून २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांत कोर्टकज्जा झाला, तो २००९ मध्ये समेटाने मिटला. पण गाडीमालकांनी निकालाची वाट पाहिली नाही. ऑईल आणि कूलंट यांच्या तापमानात सुमारे ८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसू लागला की कूलर बदलायचा, आणि सैल होणाऱ्या जोडाच्या जागी एकसंध जोड बसवायचा, हे तिथले गॅरेजवाले शिकले. आपल्या गाडीचा कमजोर भाग कोणता, हे तीच गाडी चालवणाऱ्या चार जणांना आणि जुन्या मेकॅनिकला विचारले तर आपल्याकडेही कळते.

गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांसाठी आणखी थोडे. चेंबर बसवताना सिलिकॉन पातळ लावावे. जादा लावलेले आत गळून पंपाच्या जाळीत अडकते आणि नव्या इंजिनाचाही घात करते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्रँकचे मागचे ऑईल सील तपासून तेव्हाच बदलावे, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. काम झाल्यावर टर्बोच्या तोंडात थोडे ऑईल ओतावे, डिझेलचा पुरवठा बंद ठेवून थोडा थोडा सेल्फ मारावा, लाल दिवा विझल्यावरच इंजिन सुरू करावे. गळती पाहून बंद करावे आणि दहा मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक पाहावी. खुणेपेक्षा जास्त ऑईलही भरू नये. बीएस सहा गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत, पुस्तकात लिहिलेले कमी राखेचेच ऑईल घालावे, नाही तर धुराचा फिल्टर बुजतो.

जळके ऑईल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. तो परवानाधारक खरेदीदाराकडेच जावा. जळक्या ऑईलशी वर्षानुवर्षे उघड्या हातांचा संबंध कातडीला घातक ठरतो, म्हणून हातमोजे घालावेत, हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत. ऑईलने माखलेले कपडे घरातल्या मुलांच्या कपड्यांबरोबर भिजत घालू नयेत.

शेवटी घरच्यांना एक काम. एक साधी वही करावी आणि तीत तारीख, किलोमीटर, कोणते ऑईल, कोणता भाग बदलला, बिल किती, हे लिहावे. ड्रायव्हरला वेळ नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे. कुणी दुसऱ्याची गाडी चालवत असेल तर त्याने ही वही अधिकच जपावी. "नळी गळते आहे" असे मालकाला कोणत्या तारखेला सांगितले याची नोंद असली, तर इंजिन गेल्यावर सारा दोष एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारणे कुणाला सोपे जाणार नाही.

येत्या रविवारी गाडी उभी असेल तेव्हा बॉनेट उघडून त्या दोन नळ्या तेवढ्या पाहून घ्या. पुढील अंकी रेडिएटर आणि कूलंटविषयी लिहू.